पुसट झालेल्या आकड्यांची दुरुस्ती

मोटारगाडीला बारा-पंधरा वर्षे झाली, इंजिन शाबूत आहे, गिअर विनातक्रार पडतो आहे, पत्र्याला गंज चढलेला नाही आणि मालकाचे मनही तिच्यावरून उडालेले नाही, अशा वेळी पुष्कळदा एक निराळेच दुखणे डोके वर काढते. डॅशबोर्डावरील मीटरच्या काचेत किलोमीटरचे, घड्याळाचे किंवा इंधनाचे जे आकडे उमटतात, त्यांतील एखादी आडवी रेघ वैशाखातल्या दुपारी प्रथम नाहीशी होते आणि सायंकाळी गाडी निवली की परत येते. पुढे ती परत येईनाशी होते, तिच्यामागोमाग शेजारची जाते, आणि वर्ष-दोन वर्षांत दिसतो तो आकडा आठ आहे की शून्य, सात आहे की एक, हे ठरवण्यासाठी चालवणाऱ्याला आदल्या दिवशीचा आकडा आठवून पाहावा लागतो.

सेवाकेंद्रात गाडी नेली, तर तेथून बहुधा एकच हुकूम सुटतो: संपूर्ण मीटर बदला. नव्या मीटरची किंमत, तो गाडीच्या संगणकाशी जुळवून घेण्याची मजुरी आणि माल येईपर्यंतचा खोळंबा यांचा हिशेब मांडला, की त्या वयाच्या गाडीवर एवढा खर्च करावा की ती काढून टाकावी, हा विचार मालकाच्या मनात घोळू लागतो. आणि केवळ एवढ्या कारणासाठी चालत्या, निरोगी गाड्या भंगाराच्या वाटेला लागलेल्या मी पाहिल्या आहेत. वास्तविक दोष मीटरच्या यंत्रात नसतो, काचेतही नसतो. काच आणि तिच्यामागची छापील मंडलाची पाटी यांना जोडणाऱ्या एका पातळ पट्टीच्या कडेला तो असतो. त्या कडेला योग्य ऊब आणि योग्य दाब मिळाला, तर आकडे परत येतात. हे काम घरच्या मेजावर होऊ शकते. ते होताना मी पाहिले आहे, आणि ते कसे होते, का होते व सर्वांना का करता येत नाही, याची हकीकत सविस्तर सांगण्यासाठी हा लेख आहे.

गाडीचा वेग दाखवणारे उपकरण आरंभी बॅटरीवर मुळीच अवलंबून नव्हते. ऑटो शुल्झे यांनी १९०२ साली बर्लिनमध्ये ज्या वेगमापकाचे पेटंट घेतले, त्यात गाडीच्या गतीबरोबर फिरणारे एक चुंबक, त्याला न शिवता त्याच्याभोवती बसवलेली धातूची एक वाटी आणि त्या वाटीला मागे खेचणारी एक नाजूक कमान, एवढीच सामग्री होती. चुंबक फिरू लागले की वाटीत विद्युत्प्रवाह निर्माण होत, त्यांच्या ओढीने वाटी वळे आणि वाटीला जडलेली सुई वेगाच्या प्रमाणात सरके. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाटमध्ये आणि पुढे पद्मिनीमध्ये हीच व्यवस्था होती. गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक केबल येई, ती कोरडी पडली की सुई थरथरू लागे, आणि केबल उपसून तिला ग्रीस लावले की थरथर थांबे. किलोमीटरचे आकडे दातेरी चाकांवर फिरत, आणि ती चाके उघड्या डोळ्यांनी पाहता येत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तोवर हे यंत्र उघडून पाहिलेल्या मिस्त्रींची एक अख्खी पिढी महाराष्ट्रात नांदून गेली होती. तिला मीटरची भीती वाटत नसे. आजच्या मीटरची जी भीती वाटते, तिचे मूळ त्यातील काचेच्या अपरिचयात आहे. म्हणून त्या काचेचा परिचय आधी करून देणे भाग आहे.

१८८८ साली प्रागमध्ये संशोधन करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख राइनिट्झर यांना कोलेस्टेरॉलपासून केलेल्या एका पदार्थाचे वर्तन चमत्कारिक आढळले. तो १४५.५ अंश सेल्सियसला वितळे, पण वितळूनही गढूळच राही, पुढे १७८.५ अंशांना तो एकाएकी स्वच्छ होई. एका पदार्थाला दोन वितळणबिंदू कसे, याचा उलगडा व्हावा म्हणून त्यांनी भौतिकीचे अभ्यासक ओटो लेमान यांना पत्र लिहिले, आणि त्या पत्रव्यवहारातून द्रवासारखे वाहणाऱ्या, पण स्फटिकासारखी शिस्त राखणाऱ्या द्रवस्फटिक या अवस्थेचा शोध जगापुढे आला. जवळजवळ ८० वर्षे हे ज्ञान प्रयोगशाळेतच राहिले. १९६८ मध्ये अमेरिकेतील आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रवस्फटिकाचा दर्शनपट, म्हणजे डिस्प्ले, लोकांपुढे मांडला. १९७० मध्ये बाझेल येथील हॉफमान-ला रोश कंपनीत मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी रेणूंच्या रांगेला पीळ देण्याची युक्ती शोधली, आणि तिनेच पुढे मनगटी घड्याळापासून मोटारीच्या मीटरपर्यंत सर्वत्र संचार केला. आणि १९७३ मध्ये इंग्लंडातील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी नेहमीच्या तापमानाला टिकून राहणारी द्रवस्फटिक द्रव्ये तयार केली, तेव्हा कोठे ही युक्ती व्यवहारात उतरली.

या इतिहासातील एक धागा आपल्याकडे येतो आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. सी. व्ही. रामन यांचे भाचे शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी भौतिकीची पदव्युत्तर पदवी नागपूर विद्यापीठातून घेतली आणि तेथून ते बंगळूरला मामांच्या संस्थेत संशोधनासाठी गेले. १९७७ साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले. तोवर द्रवस्फटिकाचे रेणू काडीसारखे लांबटच असतात, अशी समजूत होती. अशा चकत्यांच्या द्रव्यापासून केलेले पातळ पापुद्रे पुढे दर्शनपटांवर बसू लागले, आणि पडदा बाजूने पाहिला तरी चित्र नीट दिसावे, ही सोय त्यांच्यामुळे झाली. चंद्रशेखर यांचे बंधू पंचरत्नम यांनी ध्रुवित प्रकाशावर केलेले काम जगभर आदराने उल्लेखिले जाते. मीटरची काच उघडताना ज्या दोन गोष्टी हाताखाली येतात, त्या म्हणजे द्रवस्फटिक आणि ध्रुवित प्रकाश. आणि या दोन्ही विषयांत एकाच घरातील दोन भावांची कामगिरी आहे, याचा मला मोठा अभिमान वाटतो.

काचेची रचना अशी. दोन पातळ काचा एकमेकींवर बसवलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचा द्रवस्फटिकाचा थर असतो. दोन्ही काचांच्या बाहेरच्या अंगाला एकेक ध्रुवक पापुद्रा चिकटवलेला असतो. एका खिडकीचे गज उभे आणि तिच्यामागच्या खिडकीचे गज आडवे असावेत, तशा या दोन पापुद्र्यांच्या दिशा परस्परांना काटकोनात असतात. त्यामुळे एकातून सुटलेला प्रकाश दुसऱ्यापाशी अडावा, परंतु मधल्या रेणूंच्या रांगेला दिलेला पीळ त्या प्रकाशाची दिशा वळवून देतो आणि तो पार होतो. ज्या ठिकाणी विजेचा दाब दिला जातो, तेथला पीळ सुटतो, प्रकाश अडतो आणि काळा ठिपका उमटतो. ही वीज आतल्या बाजूस इंडियम आणि कथील यांच्या ऑक्साइडच्या पारदर्शक रेघांवरून जाते. उभ्या रेघांचा एक संच, आडव्या रेघांचा दुसरा, आणि जेथे त्या एकमेकींना छेदतात तेथे एक ठिपका, अशी वहिवाट असल्यामुळे एका रेघेचा संपर्क तुटला की एक ठिपका न जाता पूर्ण ओळच्या ओळ जाते. मीटरमध्ये दिसणारे ते विशिष्ट दुखणे, म्हणजे आकड्यांच्या कमरेतून किंवा डोक्यावरून सलग गेलेली कोरी पट्टी, हे या रचनेचे फळ आहे; आणि ते दिसले की द्रवस्फटिक जिवंत आहे, रेणूंना वीज पोहोचत नाही एवढेच, असा निर्वाळा देता येतो.

ती का पोहोचत नाही? काचेवरच्या त्या पारदर्शक रेघांना तांब्याच्या तारेप्रमाणे साध्या सोल्डरने डाग देता येत नाही. म्हणून कारखान्यात पॉलिएस्टरच्या पातळ पट्टीवर कार्बनच्या किंवा चांदीच्या शाईने बारीक वाटा छापतात, पट्टीच्या दोन्ही कडांना उष्णतेने मऊ होणारे चिकद्रव्य असते, आणि तापवलेल्या दांडीने ती एक कड काचेवर व दुसरी कड पाटीवर काही सेकंद दाबून धरतात. हा जोड डागाचा नसून चिकटण्याचा आहे, आणि त्याच्या आयुष्याची मर्यादा येथेच ठरते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड ६०-७० अंशांपर्यंत सहज तापतो, रात्री निवतो, पुन्हा तापतो. काच, पाटी आणि पट्टी हे तिघे निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. आणि काही हजार दिवसांच्या या ओढाताणीने पट्टीची कड एका कोपऱ्यापासून सुटू लागते. हा प्रकार आपल्याकडच्या उन्हापुरताच आहे असेही नाही. स्वीडनच्या साब कंपनीच्या १९९७ साली आलेल्या ९-५ या गाडीतील माहिती दाखवणारा पडदा आणि १९९५ ते २००३ या काळात निघालेल्या बीएमडब्ल्यूच्या पाच-मालिकेतील मीटर यांच्या काचा याच कारणाने पुसट होत, हे त्या गाड्यांच्या मालकांमध्ये सर्वश्रुत आहे. साबचे तर डिसेंबर २०११ मध्ये दिवाळे निघाले. गाडीचा निर्माताच उरला नाही, तेव्हा युरोपातील कित्येक मालकांनी स्वतः मेजावर बसून पट्ट्या बदलल्या आणि आपल्या गाड्या चालत्या ठेवल्या.

पुण्यात कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीत पिंपरीच्या एका कारखान्यातील उपकरण-विभागात नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांची नात तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेचा अभ्यास करते आणि त्यांना आबा म्हणते. नाव छापण्यास त्यांची संमती नसल्यामुळे येथे मीही त्यांना आबाच म्हणतो. त्यांच्या घरच्या गाडीचा मीटर असाच पुसट झाला होता, आणि तो उघडण्याच्या दिवशी त्यांनी मला आगत्याने बोलावले.

दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची ऋण बाजू सोडवण्यापासून कामास आरंभ झाला. त्यानंतर आबांनी कशालाही हात लावू दिला नाही. एअरबॅगच्या मंडलात वीज साठवून ठेवणारे घटक असतात, ते रिकामे होण्यास काही मिनिटे जाऊ द्यावी लागतात, आणि स्टिअरिंगच्या आसपास काम करणाऱ्याने हा नियम कधीही मोडू नये, असे त्यांनी नातीला निक्षून सांगितले. मग मीटरच्या भोवतीची चौकट प्लास्टिकच्या पट्टीने हलक्या हाताने उचकली, आतले स्क्रू काढले, मीटर आपल्याकडे झुकवून मागचा कपलर त्याची खिटी उलटवून सोडवला, आणि मीटर घरात आणून स्वच्छ, पांढऱ्या कापडावर उपडा ठेवला. प्रत्येक स्क्रू एका कागदावर, तो ज्या जागेवरून निघाला त्या जागेच्या रेखाचित्रात, चिकटपट्टीने लावला जात होता. कारखान्यातील शिस्त माणसाच्या हाताबरोबर घरी कशी येते, ते तेथे दिसले.

या मीटरची काच सुयांच्या तबकडीमागे होती, म्हणून सुया काढणे भाग होते. आणि घरच्या दुरुस्तीत सर्वांत अधिक नुकसान याच टप्प्यावर होते. आबांनी प्रथम प्रत्येक सुई विसावलेल्या जागी जेथे टेकते तेथे तबकडीवर कागदी चिकटपट्टीची खूण केली. मग तबकडीला ओरखडा उठू नये म्हणून पत्त्याचे पान खाली घालून, सुईच्या दोन्ही अंगांनी दोन चमचे सरकवून, सुई न फिरवता सरळ वर उचलली. सुई पिळून काढली तर तिच्याखालच्या लहानशा मोटरीचे दात दुखावतात आणि पुढे ती सुई कधीच खरे बोलत नाही.

काच दिसू लागली तेव्हा तिच्या खालच्या कडेला तपकिरी रंगाची, समांतर रेघांनी भरलेली ती पट्टी होती. भिंगातून पाहिले असता एका टोकाला पट्टी आणि काच यांच्यामध्ये हवेची चंदेरी झिलई दिसत होती. उरलेल्या भागात ती नव्हती. परंतु आबांनी डोळ्यांवर विसंबून निर्णय दिला नाही. गाडीतल्या कपलरपाशी मल्टीमीटर लावून कायम वीज कोणत्या पिनेवर येते, किल्ली फिरवल्यावर कोणत्या पिनेवर येते आणि जमिनीची तार कोणती, हे त्यांनी बॅटरी सोडवण्यापूर्वीच तपासून वहीत लिहून ठेवले होते. त्या तीन पिनांवर १२ व्होल्टचा अडॅप्टर फ्यूजसकट जोडून त्यांनी मीटर मेजावरच उजळवला. नातीने पेन्सिलीच्या टोकाचे खोडरबर पट्टीवर टेकवले आणि हळूहळू सरकवत नेले.

“आबा, इथे दाबलं की तिसरी रेघ येते, सोडलं की जाते.”

“मग दुखणं तिथेच आहे. पण एक सापडलं म्हणून थांबू नकोस. टोकापर्यंत जा.”

ती टोकापर्यंत गेली, आणि भिंगात निर्दोष दिसलेल्या भागातही आणखी एक मृत वाट निघाली.

त्यानंतरचे काम उष्णतेचे. अशा पट्टीचे चिकद्रव्य मऊ होण्यास जोडाच्या ठिकाणी साधारणतः १५० अंशांच्या आसपास ऊब लागते. ज्यावर कसलाही ताबा नाही, असे साधे सोल्डरिंग आयर्न त्याच्या दुपटीहून अधिक तापते आणि पट्टी क्षणात सुरकुतवून टाकते. म्हणून तापमान ठरवता येणारे आयर्न हवे आणि त्याला टोकदार अणी नको, रुंद, सपाट पाते हवे. आबांनी पितळेचा एक तुकडा कानशीने घासून तसे पाते केले होते. पट्टी आणि पाते यांच्यामध्ये उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉन रबराची पातळ फीत घातली, वीज तोडली, आणि आयर्न नातीच्या हातात दिले.

“घाई नको गं. आयर्न पुढे ढकलायचं नाही. ठेवायचं, दाबायचं, उचलायचं. आणि उचललं की लगेच हे लाकूड वर दाबून धर, निवेपर्यंत सोडू नकोस.”

या शेवटच्या सूचनेत सगळी मेख आहे. चिकद्रव्य तापलेले असताना पट्टी बसते, पण ती तेथे राहते ती निवताना दाब असेल तरच. तापवून दाब काढून घेतला तर पट्टीचा ताण तिला पुन्हा वर उचलतो आणि आठवडाभरात तेच दुखणे उभे राहते. नातीने कडेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पात्याच्या रुंदीएवढे टप्पे घेत, प्रत्येक टप्प्यावर तापवणे आणि निववणे अशी आवृत्ती केली. काचेच्या बाजूचा जोड झाल्यावर पाटीच्या बाजूचा केला. मग मीटर पुन्हा विजेवर घेतला, तेव्हा एक सोडून सर्व रेघा आल्या होत्या. राहिलेली रेघ पाटीच्या बाजूची होती, आणि तेथे पुन्हा ऊब दिल्यावर तीही आली. बंद करण्यापूर्वी आबांनी पट्टीच्या जोडावर सिलिकॉन रबराची एक अरुंद चिंधी अशा बेताने बसवली, की मीटरचे मागचे झाकण लागल्यावर तिचा दाब जोडावर कायम राहावा. या चिंधीवर त्यांचा सर्वाधिक भरवसा आहे, आणि मला वाटते तो रास्त आहे. मूळ रचनेत ती असती तर गाडीच्या निर्मात्याला काही रुपयांहून अधिक खर्च आला नसता.

सर्व मीटरांत पट्टी नसते. पुष्कळ मीटरांत काच आणि पाटी यांच्यामध्ये वाहक आणि अवाहक रबराचे एकाआड एक थर असलेली पट्टेदार रबरी कांडी असते, ज्या कांडीला दुरुस्ती करणारे झेब्रा म्हणतात. तेथे उष्णतेचे काम मुळीच नाही. कांडी काढून तिच्या दोन्ही कडा, काचेची कड आणि पाटीवरचे सोनेरी पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलाने पुसून पुन्हा बसवले, की आकडे बहुधा परत येतात. नवख्या माणसाने आरंभ करावा तो अशा मीटरपासून. आकडे दिसतात पण काच अंधारी आहे, तर मागचे दिवे गेलेले असतात. मीटर अधूनमधून पूर्णच बंद पडत असेल आणि डॅशबोर्डावर चापट मारल्यावर चालू होत असेल, तर कपलरच्या पिनांचा ड्राय सोल्डर, म्हणजे तडकलेला डाग, शोधावा. तो ताजा केला की भागते.

काचेवर काळा किंवा जांभळट डाग पसरला असेल तर मात्र दोष वरच्या ध्रुवक पापुद्र्यात असतो. उन्हाने तो पापुद्रा कुजतो, आणि उघड्यावर उभ्या राहणाऱ्या दुचाकींच्या मीटरांत हे फार आढळते. त्याच दिवशी दुपारी शेजारच्या मुलाच्या मोटारसायकलीची अशी काच मेजावर आली. जुना पापुद्रा पात्याच्या धारेने एका कोपऱ्यातून उचलून सोलला, त्याखालचा चिकट थर अल्कोहोलाने भिजवून खरवडला, आणि मोबाइल दुरुस्तीचे साहित्य विकणाऱ्यांकडे मिळणारा नवा पापुद्रा काचेवर नुसता ठेवून नातीने तो सावकाश फिरवला. एका दिशेला आकडे काळे आणि पार्श्वभूमी उजळ होती. पाव वळसा दिला तेव्हा आकडे उजळ आणि पार्श्वभूमी काळी झाली. शाट आणि हेल्फ्रिख यांचा सारा सिद्धांत तिच्या दोन बोटांच्या हालचालीत डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि पुस्तकात वाचलेली आकृती आपल्याला आत्ता समजली, असे तिने मोकळेपणाने सांगितले. घरी केलेल्या दुरुस्तीच्या बाजूने मी पुष्कळ युक्तिवाद ऐकले आहेत. मला हा एक पुरेसा वाटतो.

पण आणखी एक आहे, आणि तो सार्वजनिक हिताचा आहे. मीटर हे गाडीचे दफ्तर आहे. गाडी आजवर किती चालली याचा आकडा मीटरच्या पाटीवरील एका लहानशा स्मृतिघटकात नोंदलेला असतो, आणि कित्येक गाड्यांत किल्लीची ओळख पटवणारी यंत्रणाही मीटरशीच बांधलेली असते. अधिकृत नव्या मीटरचा खर्च परवडत नाही म्हणून मालक भंगारातल्या गाडीचा मीटर विकत घेऊन बसवतो, तेव्हा त्याच्या गाडीवर दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर चढतात. मग तो आकडा जुळवून देणारा कोणी तरी शोधला जातो, आणि आकडा जुळवून देण्याचे कसब एकदा बाजारात आले की ते आकडा घटवण्यासाठीही वापरले जाते. जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत गिऱ्हाइकाची जी फसवणूक होते, तिचा मोठा भाग या कसबावर चालतो. खासगी गाडीच्या नोंदणीची मुदत १५ वर्षांची, आणि त्यानंतर आरटीओत तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते; ज्या वयात मीटर पुसट होतो, नेमक्या त्याच वयात गाडीचा खरा आकडा शाबूत असण्याची गरज सर्वाधिक असते. मूळ मीटर उघडून त्याची पट्टी बसवणारा माणूस स्मृतिघटकाला स्पर्शही करत नाही, आणि म्हणून गाडीची नोंद अस्सल राहते.

मग ही दुरुस्ती सर्रास का होत नाही? कौशल्याचा तुटवडा हे कारण मला पटत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला तासभर उभे राहिले, तर याहून नाजूक कामे करणारे हात दृष्टीस पडतात. तुटवडा आहे तो माहितीचा. आबांना तीन पिना शोधण्यासाठी मल्टीमीटर घेऊन गाडीत ओणवे बसावे लागले, कारण त्या गाडीच्या मीटरच्या कपलरचा तक्ता त्यांना मागूनही मिळाला नाही. आणि ती पट्टी सुटा भाग म्हणून कोणत्याही अधिकृत यादीत नाही. याच प्रकारच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार-उत्पादकांविरुद्ध निकाल दिला होता. अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे ही स्पर्धेची गळचेपी आहे, असे आयोगाने ठरवले आणि एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड फर्मावला. त्यावर अपिले झाली. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्या विषयाचे एक संकेतस्थळ खुले केले. शेतीची अवजारे, मोबाइल व तत्सम उपकरणे, घरगुती उपकरणे आणि मोटारगाड्या अशी चार क्षेत्रे त्यासाठी निवडली गेली. दिशा योग्य आहे. पण सेवाकेंद्राचा दूरध्वनी क्रमांक आणि हमीच्या अटी एका जागी मिळणे हे एक, आणि मंडलाचा नकाशा हाती येणे हे निराळे. आबांच्या मेजावर उपयोगी पडते ते दुसरे.

मर्यादा सांगितल्यावाचून हे वर्णन अपुरे राहील. अलीकडच्या गाड्यांत सुया आणि तबकड्या जाऊन संपूर्ण मीटर म्हणजे एक रंगीत पडदा झाला आहे. त्याच्या काचेला जोडणाऱ्या पट्टीवर शेकडो वाटा इतक्या जवळजवळ असतात, की घरच्या आयर्नने त्या जुळवणे शक्य नाही. तेथे वीजपुरवठ्याच्या बाजूचे फुगलेले कॅपॅसिटर, मागचे दिवे आणि कपलर एवढेच घरी तपासावे, आणि पडदा अनुभवी माणसाकडे सोपवावा. मीटर काढलेला असताना किल्ली फिरवू नये. ब्रेक आणि एअरबॅग यांच्या संगणकांत उगाच दोषाची नोंद होते. मीटर परत बसवल्यावर सुया खुणेवर बसवून गाडी एकदा मोकळ्या रस्त्यावर न्यावी आणि मीटरचा वेग मोबाइलमधील उपग्रहाधारित वेगाशी ताडून पाहावा. मीटर प्रत्यक्षाहून थोडा जास्त वेग दाखवत असेल तर ते स्वाभाविक आहे; कमी दाखवत असेल, तर सुई चुकीच्या जागी बसली आहे, आणि ती पुन्हा काढून बसवल्यावाचून गाडी वापरात घेऊ नये. आबांच्या गाडीचा वेगकाटा पहिल्या खेपेस थोडा कमी दाखवत होता, म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी मीटर पुन्हा काढला.

जुन्या काळच्या अनेक गाड्यांसोबत मालकाला जी पुस्तिका मिळे, तिच्या अखेरच्या पानांवर गाडीतील सर्व तारांचा रंगांसह नकाशा छापलेला असे. आज त्या जागी रेडिओ कसा लावावा आणि इशाऱ्याचा दिवा लागल्यास कोणाला दूरध्वनी करावा, हे सांगितलेले असते. मीटरच्या कपलरवरील प्रत्येक पिनेचे काम सांगणारा एक तक्ता त्या पुस्तिकेत पुन्हा छापावा, आणि जोडपट्टी सुटा भाग म्हणून क्रमांकासह विक्रीस ठेवावी, एवढ्या दोन गोष्टी कायद्याने सक्तीच्या केल्या, तर पुसट आकड्यांपायी मोडीत निघणाऱ्या गाड्या घरोघरी नीट होतील. आबांच्या नातीने त्यांच्या गाडीच्या मीटरचा असा तक्ता स्वच्छ अक्षरात तयार केला आहे, आणि त्याच बनावटीची गाडी असलेल्या सोसायटीतील इतरांना ती तो देते.